शामूची साक्ष

मी माझ्या साडूला फसवलं. शमुवेल त्याचं नाव, आम्ही सगळे शामू म्हणतो. देवाने जे त्याला दिलं ते मी उचललं, माझं म्हणून चर्चच्या भर मंडळीत सांगितलं आणि त्यावर मान मिळवला. हे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेलं नाही. बायकोजवळ नाही, आमच्या पाळकांजवळ नाही, आणि — हसू नका — प्रार्थनेत देवाजवळसुद्धा नाही. त्याला माहीतच असणार, मग आपण कशाला विषय काढायचा, असं म्हणून मी तिथेही गप्प राहिलो.

तुमच्याजवळ का बोलतोय? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून असेल. नात्यातल्या माणसाला सांगितलं की तो लगेच एक बाजू धरतो. तुम्ही धरू नका. नुसतं ऐका.

चोरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जमीन येईल, दागिना येईल. मी चोरली ती साक्ष. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर हा शब्द कोर्टातला वाटेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे उपासनेत एखादा माणूस उभा राहतो आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांना सांगतो. दुखण्यातून उठलो, दारू सुटली, भावाशी अबोला होता तो मिटला — जे घडलं असेल ते. ती खरीच असते असं सगळे धरून चालतात. तपासायला कोणी जात नाही. कोण जाणार? कसं तपासणार? म्हणूनच ती चोरणं सोपं. म्हणूनच —

थांबा. आधी मी कोण ते सांगतो.

मी संत्र्याचा व्यापारी. शेलूबाजारला हायवेवर माझं गोदाम आहे, त्याच्या मागे घर. मंगरूळपीर तालुक्यातले बगीचे मी झाडावर माल असतानाच विकत घेतो. एक फेरी मारली की किती माल उतरेल ते मला कळतं, आणि शेतकरी किती खाली येईल तेही कळतं. बोलणं पटलं की विसार द्यायचा. विसार दिला की बगीचा आपला. मग दुसरा कोणी कितीही वर बोलला तरी शेतकऱ्याने त्याच्याकडे बघायचं नाही. वडील दवाखान्यात वॉर्डबॉय होते, मी दुसऱ्यांच्या ट्रकांवर कॅरेटं चढवत मोठा झालो. कोणी हात दिला नाही. जे उभं केलं ते तोंडाच्या आणि रागाच्या जोरावर. एका शेतकऱ्याने माझा विसार घेऊन सौदा मोडला, तर त्याच्या बगीच्याच्या वाटेत मी गाडी आडवी लावून बसलो होतो — त्याची बायको येऊन हात जोडेपर्यंत. ही गोष्ट मी कित्येक वर्षं कौतुकाने सांगत असे.

आणि देवाच्या बाबतीत मी कधी हात आखडला नाही. चर्चचे गळके पत्रे बदलले ते मी. उज्जीवन सभा भरते तेव्हा मंडप माझा, सतरंज्या माझ्या, बाहेरगावच्या उपदेशकांना आणायला गाडी माझी. रविवार चुकवला नाही. पहिल्या बाकावर बसलो. आणि बदल्यात? बदल्यात काही नाही. खरं सांगतो, मला आयुष्यात कधी काहीच जाणवलं नाही. गाणी म्हणताना लोकांचे डोळे भरून येतात, माझे कोरडे. प्रभूभोजनाला गुडघे टेकले की माझ्या डोक्यात ट्रक कुठवर पोचला असेल हे चालू. पण मी समजत होतो की सगळ्यांचं असंच असतं. सगळेच तोंडाने म्हणतात, आतून कोणालाच काही होत नाही — असं धरून चाललं की बरं वाटतं. नाही का?

शामूमुळे तसं धरून चालता येत नव्हतं.

शामू म्हणजे माझी बायको सुवार्ता हिच्या धाकट्या बहिणीचा, करुणाचा नवरा. शेलूबाजारलाच हायवेच्या दुसऱ्या टोकाला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटरी जळतात, त्या खोलून तो त्यांत नवी तार भरतो. पुढे टिनाचं छप्पर, मागे एक अंधारी खोली, एवढंच दुकान. धंद्याची अक्कल शून्य. गिऱ्हाईक मोटर घेऊन आलं की हाच त्याला सांगणार, "अजून एक सीझन चालते हे. कायले खोलता?" मी त्याला किती वेळा झापलं असेल! तो हसायचा. माझ्या रागाला हसणारा तालुक्यात तो एकटा.

पण तो प्रार्थना करायला लागला की मंडळी वेगळीच व्हायची. आम्ही बाकीचे प्रार्थनेत पुस्तकातल्यासारखं बोलतो — हे दयाळू पित्या, आम्ही तुझ्या चरणी येत आहोत. शामू देवाशी वऱ्हाडीत बोलायचा. "बापा, हे पोरगं तापानं फणफणून राह्यलं. तू पाहून राह्यला ना? मंग ये ना लवकर." एवढंच. आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मीही ऐकायचो आणि कोण कोण रडतंय ते मोजायचो. ती भक्ती नव्हती. मला माहीत आहे ती काय होती.

लोक माझ्या फाटकाशी यायचे. मला वाटायचं माझ्याकडे आले. "भाऊ, शामूभाऊचा नंबर असंन ना तुमच्याजोळ? आमच्या बुढीले लय त्रास होऊन राह्यला. प्रार्थनेले बोलवाचं होतं." मी पहिल्या बाकावर बसणारा, मी पत्रे बदलणारा, मी समोर उभा — आणि माझ्याकडे मागायचं काय, तर शामूचा नंबर! एकालाही वाटलं नाही की म्हणावं, भाऊ, तुम्हीच दोन शब्द प्रार्थना करा. एकदा मी एक आकडा मुद्दाम चुकीचा सांगितला. ती म्हातारी बरी झाली, पण शामू तिच्याकडे पोचला नाही एवढं मात्र मी साधलं.

हे सांगताना मला लाज वाटायला हवी. वाटते आहे. पण अजून मूळ गोष्टीपाशी मी आलेलोच नाही.

ईस्टरच्या आधीचे आठवडे आमच्याकडे उपवासाचे असतात. त्या वर्षी पाळक म्हणाले, चहा-साखर सोडणं पुरे झालं. पाहुणा येणार म्हटलं की आपण पलंगावरचे कपडे उचलतो. देव येईल म्हणून आपल्या घरातून कोणी काय उचललं? घरातली एक जागा रिकामी करा. रोज थोडा वेळ तिथे बसा. काही मागू नका. देवाला यायला जागा ठेवा, बस.

मंडळी कामाला लागली. कोणी जिन्याखालची अडगळ काढली, कोणी कपाट सरकवून भिंतीपाशी आसनाएवढी जागा केली. मी काय केलं असेल? मी खोली बांधली. गच्चीवर, नवी. गुळगुळीत टाइल्स, कारंज्याच्या सुताराकडून सागवानी क्रूस, गादीची खुर्ची. पाळकांना बोलावून समर्पण केलं, सगळ्या मंडळीला पोहे-जिलेबी. शामू टाइल्सवर हात फिरवून म्हणाला, "भाऊ, काय थंड लागते हो!" त्याच्या आवाजात हेवा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. नव्हता.

त्याने दुकानामागची ती अंधारी खोली रिकामी केली. जळक्या मोटरी बाहेर छपराखाली आणल्या आणि आत एक पोतं अंथरलं. झालं. कोणाला बोलावलं नाही की पोहे केले नाहीत.

उपवासाचे दिवस आणि मृग बहाराच्या संत्र्यांची तोडणी एकाच वेळी येतात. माल सुरू झाला, गोदाम भरलं, आणि माझ्या माणसांनी विचारलं, रिकामी कॅरेटं कुठे ठेवायची? मी म्हणालो, ठेवा वरच्या खोलीत, उद्या काढू. दुसऱ्या दिवशी आणखी आली. थोड्या दिवसांत सागवानी क्रूस कॅरेटांच्या मागे गेला, खुर्चीवर दोरीची बंडलं बसली. मला त्याचं काही वाटलं नाही. सीझन संपल्यावर बघू. देव काय, कुठे पळून जातो?

तेव्हाच एका सकाळी मी शामूच्या दुकानाशी थांबलो. नुसता चहा प्यायला. त्याने मशीन चालू केली नव्हती, हात पुसत बसला होता, तोंडावर हसू आणि डोळे ओले. म्हणाला, "भाऊ, बसा. एक गोष्ट हाय. करुणाले सांगतली, आता तुमाले सांगतो." मग म्हणाला, "रोज काय काय मांगाचं ते ठरवून बसत जाओ मी. पाळक म्हनले मांगू नोका, पन सवय ना! आज बसलो तं काहीच याद नाई आलं. मंग उगामुगा बसलो. अन् भाऊ, कोणीतरी शेजारी येऊन बसलं. दिसलं नाई, आवाज नाई. पन बसलं. अन् त्याले कुठीच जायाची घाई नव्हती."

बस. एवढीच गोष्ट. उजेड पडला नाही, वाणी झाली नाही, कोणाचा आजार गेला नाही.

मी माल ओळखून जगतो. वरून चकाकणारं फळ आतून पोचट असलं तर मला हातात घेताच कळतं. शामूचं ते बोलणं हातात घेताच मला कळलं की हे अस्सल आहे. खोटं असतं तर मी हसून चहा पिऊन निघालो असतो. ते खरं होतं, हेच तर माझं दुखणं. म्हणजे आतून काही होतं तर! होतं, आणि ते मला सोडून याला होतं. पोत्यावर बसणाऱ्याला!

त्याने विचारलं, उज्जीवन सभेत हे बोलू का? "मले सभेत बोलता येत नाई. तुमी मोठे. तुमी म्हनसान तं बोलतो, नाई तं नाई." आणि मी — अगदी मोठ्या भावाच्या आवाजात — म्हणालो, "आत्ता नको. घाई करू नको. मी पाळकांशी बोलून सांगतो."

पाळकांशी मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, माणसांना न उठवता, मी एकट्याने वरच्या खोलीतली कॅरेटं बाहेर काढली. खुर्चीवर बसलो. काही मागितलं नाही, उगामुगा बसलो, जसा तो बसला होता तसा. हायवेवरचे हॉर्न ऐकू येत होते. पाय अवघडला. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. त्याच्याही पुढच्या दिवशी मी देवाला बोललो — मोठ्याने, जसा सौदा मोडणाऱ्या शेतकऱ्याला बोलतो तसा. म्हणालो, पत्रे कोणी बदलले? मंडप कोणाचा? विसार माझा आहे, माझा! माझा विसार ठेवून तू माल त्याला कसा दिलास? आणि खुर्चीला लाथ मारली. खाली सुवार्ता चहा करत होती, तिने वर येऊन विचारलं, काय पडलं? म्हटलं, काही नाही.

अशा मनाने मी उज्जीवन सभेला गेलो.

दिवस मावळत होता. अकोल्याहून उपदेशक आले होते. बोलणं संपवून त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी ज्यांनी घरात जागा केली, त्यांच्यातलं कोणी काही सांगेल? शामू माझ्या मागे सतरंजीवर करुणाशेजारी बसला होता. मी वळून पाहिलं. त्याने उठायला म्हणून एक हात जमिनीला टेकला होता, आणि तो माझ्याकडे बघत होता. थांब म्हणालो होतो ना मी. तो विचारत होता — आता उठू?

आणि उठलो मी.

मी सांगितलं. बोलणं माझा धंदा आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला शिकवावं लागत नाही. पोत्याच्या जागी खुर्ची घातली, बाकी सगळं त्याचं. ती शेजारी येऊन बसण्याची गोष्ट, ती घाई नसण्याची गोष्ट — त्याच्याच शब्दांत, वऱ्हाडीत. त्या शब्दांवर माझी कारागिरी चालली नसती, ते होते तसेच ठेवावे लागले. मंडप हुंदके द्यायला लागला. उपदेशकांनी मला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा बायकांनी माझ्यासाठी डोळे पुसले.

सभा सुटल्यावर शामू माझ्याकडे आला. मी मनात तीन-चार उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणेल हे माझं आहे, मग मी काय म्हणायचं, सगळं तयार. त्याने माझे दोन्ही हात धरले. "भाऊ! तुमच्याकडं बी आला?" त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. त्याला वाटलं, देव त्याच्याकडे आला तसाच माझ्याकडेही येऊन गेला. माणूस एवढा सरळ असू शकतो? मला आजही कधीकधी वाटतं की नसावा, त्याला कळलं असावं आणि त्याने मला वाट काढून दिली असावी. पण नाही. तो खरंच आनंदला होता. आणि मी म्हणालो, "हो रे, माझ्याकडे पण."

पुढे मला बोलावणी यायला लागली. वाशीमच्या मंडळीने बोलावलं, शिरपूरच्या बाजूला एका घरसभेत बोलावलं, कारंज्याला दोनदा. मी गाडी घेऊन जायचो. सांगता सांगता गोष्ट सफाईदार होत गेली. एके ठिकाणी मी खरोखर रडलो आणि घटकाभर मलाच वाटलं की हे माझ्याबाबत घडलेलं आहे. परत येताना गाडीत उतरलं ते. मग उरलं काय? जळणं. लोक माझ्या पाया पडत होते आणि मी जळत होतो तो दुकानात काळ्या हाताने तार गुंडाळणाऱ्या माणसावर. त्याच्याजवळ खरं होतं. माझ्याजवळ त्याची नक्कल.

दुसऱ्या वर्षी ईस्टरच्या आसपास पाळकांनी उपासनेत शामूचं नाव घेतलं. शामूभाऊ, तू कधी साक्ष देत नाहीस, आज दे. तो उठला. टोपी काढून हातात धरली. अडखळत सुरू केलं — माझी मागची खोली, मोटरी, पोतं. मग म्हणाला, "अन् कोणीतरी शेजारी येऊन बसलं..."

मागून प्रभाकरकाका ओरडले, "अबे शामू, हे तं भाऊची कॅसेट हाय! तुई लाव ना!"

सगळं चर्च हसलं. दुष्टपणाने नाही, आमची मंडळीच हसरी आहे, काका सगळ्यांची टर उडवतात. शामूही हसला आधी. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत आरोप नव्हता, आजही शपथेवर सांगतो. तो फक्त वाट बघत होता. मी साक्ष देण्याआधीच हे त्याने मला सांगितलं होतं, ही गोष्ट त्या चर्चमध्ये करुणाखेरीज मलाच माहीत होती, आणि माझा शब्द चालतो. मी बसल्या जागेवरून एक वाक्य बोललो असतो — काका, ती त्याचीच आहे — तरी झालं असतं. एक वाक्य! खरं पूर्ण सांगायचीही गरज नव्हती.

मी हसलो. सगळ्यांबरोबर, मान मागे टाकून हसलो.

"चुकलं माह्यं," शामू म्हणाला आणि बसला.

करुणा हसली नव्हती. ती दुपारी आमच्या घरी आली. मी जेवत होतो. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "भाऊजी, ते आधी कोनाचं होतं?"

"काय कोणाचं?"

"आता मले विचारता? त्या दिवशी सकाळीच घरी येऊन मले सांगतलं त्याईनं. मंग तुमच्याजोळ सांगतलं. मी वरीसभर चूप राह्यली. म्हटलं, असंन, देव दोघाईकडं आला असंन. आज तुमी काहून हासले?"

काहून हासलो? का हसलो? उत्तराऐवजी मी ओरडलो. ताट सरकवलं. म्हणालो, तुम्हा लोकांना माझं चांगलं झालेलं पाहवत नाही. तुम्ही जळता माझ्यावर. — हे मी तिला म्हणालो. मी! सुवार्ता हातात भाकर घेऊन उभी होती, तिने ती ताटात वाढली नाही. करुणा पाणीही न पिता गेली. त्या दिवसापासून बहिणीबहिणींचं येणंजाणं बंद आहे, नाताळालासुद्धा. सुवार्ताने मला एक प्रश्न विचारलेला नाही. पूर्वी ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या यांची साक्ष ऐकली का? ते तिने बंद केलं. एवढंच.

तुम्हाला वाटेल, झालं, सांगून झालं याचं. साक्ष चोरली, हसला, मेव्हणीला बोलला. मलाही वाटत होतं की इथेच थांबावं. पण जे सांगायला बसलो ते हे नाही. ते अजून पुढे आहे, आणि ते सांगायचं म्हणूनच एवढा फिरत आलो.

या सीझनला माझ्या गोदामाची मोटर जळली. गावात दुसरा वाइंडिंगवाला नाही. मोटर घेऊन मी शामूकडे गेलो. त्याने नेहमीसारखी उतरवून घेतली, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत जळक्या मोटरी, एकीवर एक, पार छतापर्यंत. पाऊल ठेवायला जागा नाही.

मी विचारलं, "बसत नाहीस आता?"

तो पाना फिरवत होता. मान वर न करता म्हणाला, "नाई भाऊ. मले वाटते तवा भासच झाला असंन. सारे हासले ना, तवा समजलं. माह्यासारख्याकडं कोण कायले येईन? तुमच्याकडं आला ते बराबर हाय. तुमी केवढं करता." मग स्क्रू शोधायला लागला. रागाचा एक शब्द नाही.

आता ऐका. तेव्हा मला काय झालं असेल? तुम्ही म्हणाल पश्चात्ताप. म्हणाल, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं असेल. नाही. मला बरं वाटलं. छातीवरचं एक जुनं ओझं कोणी उचलून नेल्यासारखं हलकं वाटलं. आता त्याच्याजवळही काही नाही. आता आम्ही बरोबरीत. ज्याच्या शेजारी कोणी येऊन बसत होतं त्याच्या शेजारीही आता कोणी नाही. मी तो चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. आणि तो गोड लागला.

हे आहे ते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

साक्ष तर लोक एकमेकांची उचलतातच, गाणं उचलावं तशी. पण एका माणसाने देवासाठी जागा केली, देव तिथे आला, आणि मी ती जागा अशी भरून टाकली की त्या माणसाला आता वाटतं तिथे कधी कोणी आलंच नव्हतं. आणि ते पाहून मी सुखावलो. माझ्या गोदामाच्या मोटरीनेसुद्धा त्या खोलीत भर घातली असेल.

लाज आली, पण नंतर. पूर्ण आली का, याची मला खात्री नाही. कारण खरं विचाराल तर मी आजही जळतो त्याच्यावर. गमवायला तरी त्याच्याजवळ होतं. मला गमवायलाही काही नाही.

म्हणून येत्या रविवारी मी पाळकांकडून वेळ मागून घेतली आहे. त्यांना वाटतंय मी पुन्हा तीच साक्ष देणार, खूश झाले. आमच्या मंडळीतलं कोणी हे ऐकत असेल तर त्याला मी आधीच बजावून ठेवतो. मी बोलण्यात तरबेज आहे. मी कबूल करताना माझा आवाज फुटेल, तुम्ही विरघळाल, कोणीतरी म्हणेल केवढा नम्र माणूस, आणि बघता बघता हीसुद्धा माझीच एक साक्ष होऊन बसेल. पुढच्या महिन्यात तिच्यासाठी कारंज्याहून बोलावणं येईल. असं होऊ देऊ नका. मला मिठी मारू नका. माझ्यासाठी प्रार्थना पुकारू नका. शामूचा गुन्हा काय होता, त्याची खोली कोणी बुजवली, याचा जाब कोणीतरी द्यायलाच पाहिजे, आणि तो प्रभाकरकाकांनी द्यायचा नाही, हसणाऱ्या मंडळीनेही नाही. मी द्यायचा.

आधी शामूला उभं करा. त्याचं पूर्ण बोलून होऊ द्या, कितीही अडखळला तरी. मधे कोणी बोलायचं नाही. मग करुणाने मला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, सगळ्यांसमोर — काहून हासले? आणि माझ्या तोंडून उत्तर निघेपर्यंत मला खाली बसू देऊ नका.